कशामुळे आणि कशासाठी

मराठीतील ‘का’ हा एकाक्षरी शब्द दिसावयास लहान असला तरी त्याच्या पोटात दोन निराळे प्रश्न नांदत असतात. ‘कशामुळे’ हा एक आणि ‘कशासाठी’ हा दुसरा. पहिला मागे वळून कारण शोधतो. दुसरा पुढे पाहून हेतू विचारतो. नित्याच्या व्यवहारात हे दोन्ही एकाच घरात राहिले तरी फारसे बिघडत नाही. परंतु वर्षानुवर्षे दुखणे सोसणाऱ्या मनुष्याच्या तोंडून जेव्हा ‘मला हे का?’ असे शब्द बाहेर पडतात, तेव्हा ऐकणाऱ्याने कोणत्या ‘का’ला उत्तर द्यावयाचे यावर पुष्कळ काही अवलंबून असते. कशामुळे असे विचारणाऱ्यास आपण कशासाठीचे उत्तर दिले, तर ते कितीही भक्तिपूर्ण असो, भाकर मागणाऱ्याच्या हाती धोंडा ठेवल्यासारखेच होते.

इब्री भाषेत या दोहोंकरिता दोन शब्द आहेत. एक ‘मद्दूआ’, ज्याचा संबंध जाणण्याच्या धातूशी जोडण्यात येतो. दुसरा ‘लाम्मा’, म्हणजे अक्षरशः ‘कशाला’. इब्री लेखक हा भेद सर्वत्र काटेकोरपणे पाळतात असे मुळीच नव्हे. तरीही ईयोबाच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात, आपल्या जन्मदिवसास शाप देत असता, ईयोब अकराव्या वचनात ‘लाम्मा’ म्हणतो आणि लगेच बाराव्या वचनात ‘मद्दूआ’ म्हणतो. भाषांतर करणारा दोन्ही ठिकाणी ‘का’ लिहून पुढे जातो, आणि बहुधा त्यावाचून त्याला गत्यंतरही नसते. पण त्या दोन ओळींमधील पाऊलभर अंतर वाचकाच्या दृष्टीआड होते, याची रुखरुख मला आजही वाटते. बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचा, आणि म्हणून वधस्तंभावरील आक्रोशातला शब्द, हा दुसरा, ‘कशाला’ या अर्थाचा आहे, हेही येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हा सारा विचार एका विशिष्ट व्याधीच्या संदर्भात मांडावयाचा आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस या नावाने ती ओळखली जाते. मेंदू व पाठीचा कणा यांतील मज्जातंतूंवर मायलिन नावाचे एक स्निग्ध आवरण असते. विजेच्या तारेवर असते तसे. शरीराची जी प्रतिकारशक्ती परक्या जंतूंशी लढावयाची, तीच या आवरणावर उलटते. आवरण जागोजागी झिजते, तेथे कठीण चट्टे पडतात आणि संदेशांची ने-आण विस्कळीत होते. पॅरिस येथील साल्पेत्रिएर रुग्णालयातील डॉक्टर जाँ-मार्तें शार्को यांनी 1868 साली या व्याधीचे पद्धतशीर वर्णन करून तिला स्वतंत्र ओळख दिली. बहुधा विशी ते चाळिशीच्या वयात ती प्रकट होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते. 2020 सालच्या जागतिक पाहणीत अशा रुग्णांची संख्या सुमारे 28 लाख धरली होती. आपल्या देशात ही व्याधी जवळजवळ नाहीच, अशी एके काळी समजूत होती. एमआरआयची यंत्रे आली आणि ती समजूत मागे पडली. 1985 साली या रुग्णांसाठी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या व्याधीचा नावानिशी समावेश झाला.

हात-पाय लुळे पडणे, दृष्टी अंधुक होणे, तोल जाणे, विलक्षण थकवा येणे ही तिची लक्षणे पुष्कळांस ऐकून माहीत असतात. दुखणे मात्र या यादीत दीर्घकाळ नव्हते. ही व्याधी वेदनारहित आहे अशी धारणा वैद्यकात कित्येक दशके रूढ होती. जो रुग्ण दुखते म्हणे, त्याचे म्हणणे मनाच्या खात्यावर मांडले जाई. 2013 साली अनेक अभ्यासांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध झाले, त्यात शेकडा सुमारे 63 रुग्णांस कोणत्या ना कोणत्या प्रकारची वेदना असते असे आढळले. म्हणजे इतकी माणसे सांगत होती आणि ऐकणाऱ्यांच्या पुस्तकात त्यासाठी रकाना नव्हता. माझ्या मते येथे केवळ माहितीची उणीव नाही. साक्षीदार समोर उभा असता त्याची साक्ष न घेण्याचा हा प्रकार आहे, आणि त्याचा न्याय नीतीच्या कसोटीवरही व्हावयास हवा.

बरे, दुखणे मान्य झाले म्हणजे काम संपले काय? उलट, येथेच खरी पंचाईत सुरू होते, कारण या एका व्याधीत दुखण्याचे अनेक उगम असतात. काही वेदना थेट दुखावलेल्या मज्जातंतूंतून निघते. पावलांची रात्री आग होते आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. चेहऱ्याच्या एका बाजूस दात घासताना किंवा गार वारा लागताच विजेसारखी चमक जाते. असे रुग्ण दाताचे दुखणे समजून चांगले दात काढून घेतात, आणि चमक होती तशीच राहते. मान पुढे वाकविली की पाठीच्या कण्यातून खाली झटका उतरतो; फ्रेंच डॉक्टर लेर्मित यांच्या नावाने हे लक्षण ओळखले जाते. प्रार्थनेसाठी मस्तक लववावे आणि त्याच क्षणी हा झटका बसावा, ही गोष्ट उपासनामंदिरात शेजारी बसलेल्यास कशी कळावी? कोणास छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे होते आणि घरचे लोक हृदयविकार समजून धावाधाव करतात.

दुसऱ्या प्रकारची वेदना स्नायूंच्या ताठरपणातून येते. पोटऱ्यांत पेटके येतात, पाय आपोआप आखडतात. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झाला किंवा ताप आला तर हे पेटके एकाएकी वाढतात. तेव्हा औषध पेटक्यावर द्यावयाचे की संसर्गावर, हे शोधल्यावाचून समजत नाही. तिसऱ्या प्रकारची वेदना आडवाटेने येते. एक पाय ओढत चालल्यामुळे कंबर व गुडघे झिजतात, चाकाच्या खुर्चीत तासन्‌तास बसल्याने पाठ व खांदे अवघडतात. काही वेदना खुद्द उपचारांची देणगी असते: टोचून घ्यावयाच्या काही औषधांनी अंग व डोके दुखते, आणि आजार उसळला असता दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडमुळे हाडे ठिसूळ होऊ शकतात, क्वचित खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठाच तुटतो. शिवाय असे एक दुखणे असते की ज्याचा या व्याधीशी काहीही संबंध नसतो. मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या मनुष्यास मणक्याचा क्षय होणार नाही, मानेचे मणके झिजणार नाहीत, मूतखडा होणार नाही, अशी हमी कोणी दिली आहे?

चौदाव्या शतकातील फ्रान्सिस्कन संन्यासी आणि ईश्वरज्ञानाचे पंडित विल्यम ऑफ ऑकम यांच्या नावाने एक तत्त्व प्रसिद्ध आहे. गरजेपेक्षा अधिक कारणे मानू नयेत, असा त्याचा आशय. वैद्यकाने हे तत्त्व फार आवडीने उचलले: रुग्णाची सर्व लक्षणे शक्यतो एकाच रोगाने समजावून घ्यावी. तरुण, निरोगी मनुष्याच्या बाबतीत ते उपयोगी पडते. परंतु ज्याला आधीच एक मोठे नाव चिकटलेले आहे, त्याच्या बाबतीत तेच तत्त्व घातक ठरू शकते. म्हणून डॉक्टरांनी त्याला एक उलट तत्त्वही जोडून ठेवले आहे. अमेरिकेतील जॉन हिकम या डॉक्टरांच्या नावावर ते सांगितले जाते. एका रुग्णास वाटेल तितके रोग एकाच वेळी होऊ शकतात, असे ते तत्त्व म्हणते. मला हे तत्त्व जाणवते ते त्यातील नम्रतेमुळे. एक कारण सापडले म्हणजे मनुष्य सापडला, असे ते मानत नाही.

आणि सापडलेले नावही शेवटचे असतेच असे नाही. 2004 साली संशोधकांनी रक्तातील एका विशिष्ट प्रतिद्रव्याचा शोध प्रसिद्ध केला, आणि ज्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे असे समजत, त्यांपैकी काहींना न्यूरोमायलायटिस ऑप्टिका ही निराळीच व्याधी असल्याचे ओळखता येऊ लागले. हिच्यात वेदनादायक पेटके विशेषेकरून आढळतात. पहिल्या व्याधीची काही औषधे दुसरीत अपाय करतात. तेव्हा ‘हे दुखणे कशामुळे?’ हा प्रश्न पुन्हा विचारल्याने काही रुग्णांचे नुसते दुखणेच नव्हे, तर आजाराचे नावच बदलले.

हैदराबादेत राहणाऱ्या एका मराठी भगिनी माझ्या परिचयाच्या आहेत. शाळेत शिक्षिका होत्या. पस्तिशीच्या सुमारास त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाले. आजार दोन-तीनदा उसळला, प्रत्येक वेळी स्टिरॉइडची इंजेक्शने दिली गेली, प्रकृती सावरली. पुढे त्यांच्या पायांत वेदना सुरू झाल्या आणि त्या थांबेनात. ज्या रुग्णालयात त्या जात तेथील कागदांवर जवळजवळ दोन वर्षे एकच नोंद होत राहिली: ‘लेग पेन’. मज्जातंतूंच्या वेदनेवरील गोळी दिली, मात्रा वाढविली, गोळी बदलली. उपयोग अर्धामुर्धा झाला. मंडळीतील वडीलधाऱ्यांनी येऊन सांत्वन केले आणि हा तुमचा वधस्तंभ आहे, धीराने वाहा, असे सांगितले. त्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही.

त्या भगिनींनी मात्र एक गोष्ट पहिल्यापासून सांगितली होती, आणि ती मराठीत सांगितली होती. ‘पायांची आग वेगळी आणि जांघेतली कळ वेगळी.’ आग रात्री होई, दोन्ही पावलांत होई, निजल्यावर वाढे. कळ उजव्या जांघेत येई, मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरे, उभे राहिल्यावर व जिना चढताना वाढे आणि आडवे झाल्यावर ओसरे. डॉक्टर तेलुगू व इंग्रजी बोलणारे. भगिनी त्यांच्याशी हिंदी-इंग्रजीत बोलत. आणि त्या प्रवासात आग व कळ या दोहोंचे मिळून एकच ‘पेन’ झाले. अखेरीस एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना पलंगावर निजवून खुबा फिरवून पाहिला. साध्या एक्स-रेत पूर्वी विशेष काही दिसले नव्हते. एमआरआय केल्यावर खुब्याच्या हाडाचा गोल माथा रक्तपुरवठ्याअभावी मृत होऊ लागल्याचे दिसले.

महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या आपल्या लोकांनी या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. दुखण्याच्या बाबतीत मराठी भाषा श्रीमंत आहे. ठणका लागतो, कळ येते, चमक निघते, उसण भरते, पेटका येतो, रग लागते, सल राहतो, आग होते, ठसठसते, झिणझिण्या येतात, मुंग्या येतात. हे नुसते अलंकार नव्हेत. रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञांनी 1975 साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्या मुळाशी रुग्णांच्या तोंडची वेदनेची विशेषणे गोळा करून त्यांची वर्गवारी करणे हीच कल्पना होती. भाजल्यासारखे, विजेसारखे, सुया टोचल्यासारखे असे वर्णन मज्जातंतूंकडे बोट दाखविते. रग, अवघडणे, ओझे टाकले की वाढणारी कळ ही स्नायू, सांधे व हाडांकडे. ज्याची मातृभाषा मराठी आहे त्याने भोपाळ, बडोदे, बंगळूर किंवा सिकंदराबाद येथे डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आपले दुखणे आधी मराठीत नीट सांगून पाहावे, आणि मग ते दुसऱ्या भाषेत न्यावे. ग्रंथाच्या भाषांतरात एक शब्द गळाला तर वाचकाचे फार तर समाधान उणे होते. येथे सांधा जातो.

आता ईयोबाच्या मित्रांकडे वळू. ते दुष्ट नव्हते. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले. आपल्यातील किती जण इतके करतील? त्यांचा दोष पुढे घडला. त्यांच्यापाशी कारण तयार होते. दुःख पापामुळे येते, हे दुःखी आहे, तेव्हा पाप असलेच पाहिजे. या अनुमानात ईयोबाने काहीही सांगितले तरी त्याला जागा नव्हती. तेराव्या अध्यायात ईयोब त्यांना निरुपयोगी वैद्य म्हणतो, ही उपमा मला फार अर्थपूर्ण वाटते. रोग्याची नाडी न पाहता औषध देणारा तो निरुपयोगी वैद्य. आणि ग्रंथाच्या शेवटी परमेश्वराचा कोप होतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर स्पष्टीकरण देणाऱ्या मित्रांवर.

‘तुझ्या पापामुळे’ असे आज सुशिक्षित विश्वासी क्वचितच म्हणतात. पण तयार कारणाची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून निघते. ‘तुझ्या आजारामुळे’ हे डॉक्टरांचे, आणि ‘देवाच्या योजनेमुळे’ हे आमचे. ही दोन्ही विधाने खोटी आहेत असे मी म्हणत नाही. ती खरी असूनही शोध थांबविण्यास वापरता येतात. दार बंद करणारे सत्य हे त्या क्षणापुरते असत्याचेच काम करते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे पाहून कोणाचे पाप, असे विचारतात. प्रभू येशू त्या मनुष्याचे व त्याच्या आईबापांचे, दोघांचेही पाप हे कारण नाकारतो. त्यापुढे ग्रीक भाषेत ‘हिना’ हा शब्द येतो, त्याने भाषांतरकारांना बरेच छळले आहे. देवाची कार्ये प्रकट व्हावीत यासाठी तो आंधळा जन्मला, असा अन्वय बहुतेक भाषांतरांनी लावला आहे. परंतु प्राचीन हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हे नव्हती, आणि काही अभ्यासक ते वाक्य पुढच्या वचनाशी जोडतात: देवाची कार्ये प्रकट व्हावीत म्हणून दिवस आहे तोवर आपण काम केले पाहिजे. पहिल्या वाचनात आंधळेपणाला हेतू मिळतो. दुसऱ्यात हेतू मिळतो तो शेजारी उभे असलेल्यांच्या कामाला. मी स्वतः दुसऱ्याकडे झुकतो, जरी त्यावर वाद होऊ शकतो हे मला मान्य आहे. वाद नसलेली गोष्ट ही की यानंतर प्रभू प्रवचन लांबवीत नाही. तो भूमीवर थुंकतो, चिखल करतो आणि त्या मनुष्याच्या डोळ्यांना हात लावतो.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो एका थोर ख्रिस्ती डॉक्टरांच्या कार्यातून उद्भवतो. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म 1914 साली तामिळनाडूतील कोल्ली टेकड्यांत, मिशनरी आईबापांच्या पोटी झाला. 1946 पासून त्यांनी वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांची सेवा केली. कुष्ठरोग्यांची बोटे झडतात ती रोगाने सडून नव्हे, तर दुखत नसल्यामुळे त्यांना जखमा कळत नाहीत म्हणून, हे त्यांनी दाखवून दिले. वेदना ही देवाची देणगी आहे, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. 1993 साली फिलिप यान्सी यांच्यासह त्यांनी या विषयावर ग्रंथही लिहिला. आपल्या व्यासपीठांवरून हा विचार पुष्कळदा ऐकावयास मिळतो. मग प्रश्न असा की, वेदना जर देणगी, तर तिच्यामागे लागून तिचे मूळ खणण्याचा एवढा खटाटोप कशाला?

उत्तर ब्रँड यांच्या विचारातच आहे. वेदना देणगी आहे ती निरोप म्हणून. निरोप उघडून न वाचता उशाशी ठेवणे हा देणगीचा सन्मान नव्हे. त्या भगिनींच्या जांघेतली कळ खरा निरोप होती. खुबा मरतो आहे, असे ती दोन वर्षे सांगत होती, आणि आम्ही तिला वधस्तंभ म्हणत होतो. पण तळपायांच्या आगीचे काय? तेथे पावलांना काहीही झालेले नाही. न लागलेल्या आगीची घंटा वाजते आहे, कारण घंटेचीच तार बिघडली आहे. ही वेदना निरोप नव्हे. ती खोटी साक्ष आहे. वेदना देणगी आहे हे वाक्य येथे लागू पडत नाही, आणि ते लागू पाडण्याचा आग्रह व्यासपीठावरून धरू नये. कुष्ठरोगी ज्याच्या अभावाने नष्ट होतो, त्याच्याच निरर्थक अतिरेकाने दुसरा रुग्ण पिळून निघतो. या दोहोंना एकच वचन पुरेल अशी अपेक्षा मला तरी करता येत नाही.

तथापि एक भेद जपला पाहिजे. साक्ष खोटी असते ती तंतूची, रुग्णाची नव्हे. पाऊल भाजत नाही, हे खरे; दुखते आहे, हेही तितकेच खरे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघाने 1979 सालची आपली व्याख्या 2020 मध्ये सुधारली, तेव्हा तिच्यासोबत ही टीपही जोडली की वेदना हा नेहमीच व्यक्तिगत अनुभव असतो आणि आपल्याला दुखते असे जो सांगतो त्याच्या शब्दाचा आदर व्हावा. कारण सापडो अथवा न सापडो. कारण न सापडलेल्या दुखण्याला लबाडी किंवा विश्वासाची उणीव समजणे हे तर्काच्याही दृष्टीने चूक आहे. आपल्याला दिवा दिसला नाही म्हणून खोलीत कोणी नाही असे कसे म्हणता येईल?

कारणाची भूक मनुष्याला कोठवर नेते याचे एक करुण उदाहरण इतिहासात आहे. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस देस्ते (1794–1848) याने आपल्या आजाराची रोजनिशी लिहून ठेवली. 1822 च्या डिसेंबरात एका आप्ताच्या दफनविधीस तो गेला असता त्याने अश्रू आवरण्याचा निकराचा प्रयत्न केला, आणि त्यानंतर लवकरच त्याची दृष्टी काही काळ गेली. ही दोन वाक्ये त्याने शेजारी शेजारी लिहिली आहेत. न गाळलेल्या अश्रूंनी डोळे गेले, असे त्याला वाटले असेल काय? पुढे पाय लुळे पडले, पेटके आले. डॉक्टरांनी त्याला दिवसातून दोनदा गोमांस खावयास व मद्य घ्यावयास सांगितले. शार्को यांचे वर्णन त्याच्या मृत्यूनंतर 20 वर्षांनी आले. आज ती रोजनिशी मल्टिपल स्क्लेरोसिसच्या सर्वांत जुन्या आत्मकथनांपैकी एक गणली जाते. 2022 साली अमेरिकेतील एक कोटीहून अधिक सैनिकी सेवकांच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात एप्स्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर या व्याधीचा धोका सुमारे 32 पट वाढतो असे दिसून आले. तो विषाणू बहुतेक सर्व मनुष्यांच्या शरीरात असतो, आणि त्यांतील फारच थोड्यांना ही व्याधी होते. ‘कशामुळे’ची वाट इतकी पुढे गेली; ‘मलाच का’ या प्रश्नापाशी ती अजून पोहोचलेली नाही.

शोधालाही मर्यादा असते, हे लिहिले नाही तर हा लेख एकांगी होईल. तपासण्यांना पैसा लागतो. एकामागून एक डॉक्टर, एकामागून एक आशा, यांत कुटुंबे खचतात. डोके टेकण्याची एक वेळ येते. पण ती कोणी ठरवावी? माझे उत्तर असे की ती रुग्णाने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावी. भेटावयास आलेल्यांनी नव्हे. आणि जुन्या दुखण्याने नवे रूप घेतले, जागा बदलली, वेळ बदलली, किंवा ताप, वजन घटणे, लघवीचा त्रास अशी काही सोबत आणली, तर ती मर्यादा आपोआप रद्द समजावी.

प्रेषित पौलाच्या शरीरातील काट्याविषयी दोन हजार वर्षे तर्क चालले आहेत. डोळ्यांचा विकार, हिवताप, फेपरे. प्रत्येक पिढीने आपल्या ओळखीचा रोग त्याला देऊन पाहिला. पौलाने नाव लिहिले नाही. कृपा पुरेशी आहे, हे उत्तर त्याला मिळाले, आणि आपण ते उत्तर इतरांना चटकन देऊन टाकतो. ते उत्तर मिळण्यापूर्वी त्याने तीनदा विनवणी केली होती, हे मात्र पुष्कळदा सांगावयाचे राहून जाते. शिवाय उत्तर त्याला प्रभूकडून मिळाले. करिंथच्या मंडळीतील कोणी ते त्याला ऐकविले नाही. हाच पौल तीमथ्याच्या वारंवारच्या दुखण्यासाठी पोटाचा विचार करून थोडा द्राक्षारस घेण्यास सांगतो, आणि तेथे काट्याचा किंवा कृपेचा उल्लेखही करीत नाही. एकाच लेखणीतून दोन दुखण्यांना दोन निराळी उत्तरे आली आहेत.

यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील सेवकाला इब्री भाषेत जे म्हटले आहे, त्यातील शब्द ‘मखओब’ असा आहे. त्याचे अनेकवचन तेथे वापरले आहे. आपण त्याचे भाषांतर दुःख, क्लेश असे करतो. मूळ धातू दुखण्याचा आहे, शरीर दुखते त्या अर्थाचा. वेदनांचा मनुष्य, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. आणि त्या वेदनांशी त्याचे नाते दुरून सहानुभूती दाखविणाऱ्याचे नाही. त्या त्याने उचलल्या, असे वचन म्हणते. मराठीत ‘दुःख’ या शब्दाने ही वेदना मनात जाऊन बसते आणि शरीरातून निघून जाते. ज्याचा खुबा दुखतो, ज्याचे तळपाय जळतात, त्याच्यासाठी तो शब्द पुन्हा शरीरात आणावा असे मला वाटते.

हैदराबादच्या त्या भगिनींचा खुबा पुढे शस्त्रक्रिया करून बदलण्यात आला. जांघेतली कळ गेली. काठी घेऊन त्या आता उपासनेस येतात आणि शेवटच्या गीतापर्यंत बसू शकतात. तळपायांची आग राहिली आहे. बऱ्या दिवशी औषधाने निम्म्यावर येते, वाईट दिवशी येत नाही. ती कशामुळे होते हे त्यांना ठाऊक आहे. कशासाठी, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही, आणि त्या विचारतात तेव्हा, बहुधा रात्री, माणसांना विचारीत नाहीत. मंडळीतील लोक उपासनेनंतर भोवती जमून आता दुखणे कसे आहे म्हणून चौकशी करतात. त्यावर त्या आधी एवढेच विचारतात, ‘कोणते?’